लेकीचं मी उलटवलेलं भाषण

माझ्या मुलीनं शाळेतल्या इंग्रजीच्या कोर्सवर्कसाठी लिहिलेलं एक भाषण मी तिला न विचारता बदललं. बदललं म्हणजे दोनचार चुका काढल्या असं नव्हे. तिनं ज्याच्या विरुद्ध लिहिलं होतं त्याच्याच बाजूनं ते करून टाकलं, आणि तिचंच म्हणून तिच्या हातात देऊन शाळेत पाठवलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. चार वर्षं झाली. मुलगी आता ब्रिस्टलला युनिव्हर्सिटीत आहे, घरात आम्ही दोघंच असतो, आणि आता सांगायला हरकत नाही असं वाटायला लागलंय. हरकत होतीच कुठे म्हणा. हिंमत नव्हती.

तेव्हाही आम्ही लंडनच्या टोकाला पिनरमध्येच, ह्याच घरात राहत होतो. मी ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत. रोज सकाळी एम-ट्वेंटीफाईव्ह हायवेच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन उभं राहायचं, संध्याकाळी परत तिथंच उभं राहायचं. मुलगी पुण्याहून इथं आली तेव्हा पाच वर्षांची होती. मी सांगतोय तेव्हा ती पंधराची, इयर टेनमध्ये. दर रविवारी सकाळी दहा ते बारा जवळच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये आम्हा मंडळींचा मराठी वर्ग भरायचा. मी त्याच्या कमिटीवर होतो. हॉलची किल्ली माझ्याकडे असायची, त्यामुळे सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि सगळ्यांच्या नंतर निघायचं. आणि माझ्याबरोबर तिनंही.

त्या वर्षी शाळेत त्यांना इंग्रजीत 'मन वळवणारं लेखन' होतं. कुठलाही विषय घ्यायचा, ज्याबद्दल तुम्हाला मनापासून काही वाटतं असा, आणि ऐकणाऱ्याला पटेल असं भाषण लिहायचं. त्याचे मार्क शेवटच्या ग्रेडमध्ये धरले जाणार होते. बाईंनी एक पिवळा कागद दिला होता, त्यावर युक्त्या लिहिलेल्या. प्रश्न विचारा. तीन गोष्टी एकापाठोपाठ एक सांगा. स्वतःचा अनुभव सांगा. जेवताना ती तो कागद पाण्याच्या जगला टेकवून वाचत होती.

"बाबा, पर्सुएड करायचं म्हणजे काय करायचं, सांग."

"समोरच्याला गप्प करायचं," मी म्हणालो.

"नो! ते जिंकणं झाला. पर्सुएड म्हणजे तो घरी गेला तरी पण तुझ्यासारखा विचार करतो."

बायको ताटात पोळी टाकत म्हणाली, "ह्याच्यासारखा विचार करायचा तर आधी ह्यानं विचार सांगायला नको का? त्याला विचारू नकोस बाई. दहा वर्षं विचारतेय मी, आज ऑफिसात काय झालं. काही नाही, म्हणतो."

"काही होतच नाही ऑफिसात," मी म्हणालो. दोघी हसल्या.

मग मुलीनं मला त्या कागदावरची शेवटची युक्ती सांगितली. "हे सगळ्यात हार्ड आहे. आपण ज्याच्या अगेन्स्ट आहे ना, त्याची बाजू पहिले सांगायची. पण नीट. चीट नाही करायचा. त्यानं ऐकलं तर त्याला वाटलं पाहिजे, येस, हेच माझं म्हणणं आहे. आणि मग आपलं उत्तर द्यायचं."

मला गंमत वाटली. शत्रूचा किल्ला आधी आपणच बांधून द्यायचा आणि मग पाडायचा! मला कुणी असलं शिकवलं नव्हतं. मी शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धा गाजवलेला मुलगा होतो. आमच्याकडे भाषण सर लिहून द्यायचे. कुठल्या शब्दाला हात वर, कुठे आवाज खाली, कुठे टाळ्यांसाठी थांबायचं, सगळं समासात लाल पेननं लिहिलेलं. आपण पाठ करायचं, 'सन्माननीय परीक्षक' म्हणून सुरू करायचं आणि घंटा वाजायच्या आत संपवायचं. वादविवाद स्पर्धेत तर बाजूही आपली नसायची. चिठ्ठी उचलायची, त्यात 'बाजूने' निघालं तर बाजूने, 'विरुद्ध' निघालं तर विरुद्ध. एका वर्षी मी एकाच विषयावर सकाळी बाजूनं बोललो आणि दुपारच्या फेरीत विरुद्ध बोललो, आणि दोन्हीला टाळ्या घेतल्या. फिरती ढाल वर्षभर आमच्या शोकेसमध्ये होती. बाजू म्हणजे शर्टासारखी, ह्या कार्यक्रमाला हा, त्या कार्यक्रमाला तो, असं मला त्या वयापासून वाटत आलेलं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. निदान निव्वळ सबब म्हणून तरी नाही.

भाषण लिहायला तिला तीन आठवडे लागले. थोडं घरी, थोडं शाळेच्या लायब्ररीत, म्हणून तिनं ते पेन ड्राईव्हवरच ठेवलं होतं. गुरुवारी आमच्या घरच्या प्रिंटरची शाई संपली आणि शुक्रवारी कागद द्यायचे होते. सकाळी मी बूट घालत असताना तिनं पेन ड्राईव्ह माझ्या कोटाच्या खिशात टाकला.

"ऑफिसमध्ये प्रिंट करशील? दोन पेजेस आहेत फक्त. आणि बाबा, वाचू नको."

"का?"

"एम्बॅरसिंग आहे."

मी वाचणार नाही असं म्हणालो नाही. नुसतं 'हं' म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीत फाईल उघडली. पहिली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत. इंग्रजीत होती, पण मी ती मनात मराठीतच धरून ठेवली आहेत. 'दर रविवारी सकाळी मी आंब्याच्या चित्रात पिवळा रंग भरते. मी पंधरा वर्षांची आहे.'

भाषण आमच्या मराठी वर्गाबद्दल होतं. तिथं पाठवणं थांबवावं, असं ती वडिलांना पटवत होती. म्हणजे मला. तिच्या वयाची सगळी मुलं कधीच गळाली होती. किल्लीवाल्याची मुलगी म्हणून ती तेवढी उरली होती, आणि सात वर्षांच्या पोरांच्यात बसून तीच फळं, तेच प्राणी, तेच महिने गिरवत होती. तिसऱ्या परिच्छेदात तिनं माझी बाजू मांडली होती. 'माझे वडील म्हणतील,' असं म्हणून. वडील म्हणतील की भाषा गेली की माणसं जातात. पुण्याला फोन केला की मी दोन वाक्यांत संपते आणि फोन वडिलांकडे देते, तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिलेला आहे. त्यांना भीती वाटते की एक दिवस मी त्यांच्याशी पण दोनच वाक्यं बोलेन. मी हे कधीच कुणाला असं सांगितलं नव्हतं. मला हे असं सांगताच आलं नसतं. पण वाचलं आणि वाटलं, हो, हेच माझं म्हणणं.

तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पुढं तिचं उत्तर होतं.

मी ते पूर्ण वाचलं, खुर्ची मागं सरकवली, कॉफी आणली, आणि मग तिचं भाषण दुरुस्त करायला घेतलं. मनाशी म्हणत होतो की शाळेत हे वाचून काय म्हणतील, भारतीय बाप पोरीला जबरदस्तीनं कुठं तरी डांबून ठेवतो म्हणतील. असं एकेक म्हणत म्हणत मी तिचा तिसरा परिच्छेद उचलून वर नेला, बाकीचं पुसलं, आणि त्या परिच्छेदाभोवती माझं भाषण उभं केलं. पाऊण तासात झालं. बोटं थांबतच नव्हती. 'आदरणीय शिक्षक आणि माझ्या प्रिय मित्रमैत्रिणींनो' अशी सुरुवात, इंग्रजीत. मातृभाषा ही आपली आई आहे. आईला आपण विसरू शकतो का? कधीच नाही! कधीच नाही! कधीच नाही! पिवळ्या कागदावरची तीनची युक्ती मला तेवढी लक्षात होती.

सेव्ह केलं. नव्या नावानं नाही, तिच्याच फाईलवर. वीस वर्षं कम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसानं.

शुक्रवारी सकाळी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दोन पानं तिला दिली. बस यायला चार मिनिटं होती. तिनं फोल्डर दप्तरात सरकवलं, "थँक्स बाबा, वाचला नाही ना?" म्हणाली आणि पळाली. पोचल्यावर तिनं ते बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि वरच्या फॉर्मवर सही केली. फॉर्मवर लिहिलेलं होतं की हे काम माझं स्वतःचं आहे. त्या फॉर्मबद्दल मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी थांबलो असतो असं लिहायची मला फार इच्छा आहे.

सोमवारी ती घरी आली ती दार आपटून. बाईंनी तिला वर्ग सुटल्यावर थांबवून विचारलं होतं, हे कुठून घेतलंस? इंटरनेटवरून? कुणी लिहून दिलं? ती म्हणाली, मी लिहिलं. बाई म्हणाल्या, पण तू प्लॅन केलं होतंस ते हे नाही. ती म्हणाली, तेच आहे. बाईंनी कागद दाखवले नाहीत, कपाटात ठेवले, आणि गुरुवारी आईवडिलांपैकी कुणाला तरी बोलावलं. तोवर ती खोटं बोलतेय की खरं, हे ठरायचं राहिलं. कोर्सवर्क दुसऱ्याचं निघालं तर ते बाद. फॉर्मवर खोटी सही म्हणून वर कळवायचं की नाही ते बाई ठरवणार.

"मी कॉपी नाही केला!" ती रडत सांगत होती. "ती कुणाचा तरी दुसऱ्याचा पेपर बघते आहे. आणि माझ्यावर बिलीव्ह नाही करत. मी तिला म्हटलं, आस्क माय डॅड, त्यानं प्रिंट केलं."

बायको भडकली होती. "आपल्या पोरीवर आळ घेतात? उद्याच्या उद्या हेडला पत्र लिहिते मी. अरे, तू बोल ना काहीतरी!"

"बघू," मी म्हणालो.

"तुझं हे बघू!"

मुलीनं पेन ड्राईव्ह मागितला, बाईंना फाईल दाखवायला. ऑफिसात राहिला, मी म्हणालो. तो माझ्या कोटाच्या खिशात होता. कोट तिच्या मागं खुंटीवर होता.

मला जे कळलं नव्हतं ते आता कळत होतं. आमच्याकडे शेवटची स्वच्छ प्रत तेवढी खरी. कच्चं कुणी ठेवत नाही, कुणी मागत नाही. इथं बाईंकडे कच्चंच जपून ठेवलेलं होतं. पुढचे तीन दिवस मी रोज गाडीत सगळं खरं सांगायचं असं ठरवायचो आणि घराच्या दारात किल्ली घालताना ते विरून जायचं. दोन दिवस दुपारी जेवण सोडून पुसलेली फाईल परत मिळते का बघत होतो. अर्धं पान मिळालं, तेही नुसती चिन्हं.

गुरुवारी मी एकटाच गेलो. बायकोला म्हणालो, तू रजा घेऊ नकोस, मी सांभाळतो. वर्गात छोट्या खुर्च्या, खिडकीत कुंड्या. इंग्रजीच्या बाई माझ्याच वयाच्या, केस पेन्सिलनं वर खोचलेले. मुलगी माझ्या शेजारी, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली. बाईंनी आधी तिची वही उघडली. पानाच्या मध्ये एक वर्तुळ, त्यातून बाण, बाणांच्या टोकाला आणखी वर्तुळं. एका वर्तुळात लिहिलं होतं 'डॅडची बाजू', आणि त्याला तीन वेळा अधोरेखित करून, 'बी फेअर'.

मग बाईंनी ती दोन पानं तिच्यासमोर ठेवली. "हे तुझं?"

तिनं पहिली ओळ वाचली. 'आदरणीय शिक्षक'. तिनं मान वर केली. "हे माझं नाहीये," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की बाई पुढं वाकल्या.

त्या क्षणी माझ्याकडे दोन वाटा होत्या, आणि मी तिसरी काढली. "माझी चूक आहे," मी म्हणालो. "माझ्या हातून भलतीच फाईल प्रिंट झाली. हे माझं भाषण आहे. आमच्या रविवारच्या वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी लिहिलेलं. एकाच पेन ड्राईव्हवर होतं. ह्यात तिचा काही दोष नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मराठी शिकण्याच्या बाजूनं भाषण," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत?"

"मुलांना कळावं म्हणून," मी म्हणालो.

माझी मुलगी फुटली. हसूच फुटलं तिला. मांड्यांखालचे हात बाहेर आले, तोंडावर गेले. "ओ माय गॉड, बाबा! तू पण ना! चेक पण नाही केलास?" आणि बाईंकडे वळून, "सॉरी मिस. ही इज ऑलवेज लाईक धिस." चार दिवसांत पहिल्यांदा हसत होती ती.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एका परिच्छेदावर बोट ठेवलं. "ह्यातली तीन वाक्यं हिच्या वहीत आहेत."

"आम्ही घरी बोलतो ह्या विषयावर," मी म्हणालो. तेही खोटंच होतं. आम्ही घरी कशावरच बोलत नव्हतो.

त्यांनी पाहिलं. आधी माझ्याकडे, मग हसणाऱ्या पोरीकडे, मग परत माझ्याकडे. त्यांना कळलं होतं. मला आजही खात्री आहे की त्यांना त्याच क्षणी सगळं कळलं होतं. त्यांनी वही मिटली. "ठीक आहे. मग ही स्वतःचं भाषण मला आणून देईल. फाईल नसेल तर सोमवार आणि मंगळवार जेवणाच्या सुट्टीत इथं माझ्यासमोर बसून पुन्हा लिहील. प्लॅन आहेच. हे प्रकरण ह्या खोलीबाहेर जाणार नाही."

माझ्या पाठीवरून कुणी तरी पोतं उतरवावं तसं झालं. मी दोनदा थँक यू म्हणालो. मुलगी कोट आणायला बाहेर गेली तेव्हा बाईंनी ती दोन पानं माझ्याकडे सरकवली. वरच्या कोपऱ्यात, संशय यायच्या आधी कधी तरी, त्यांनी पेन्सिलनं लिहिलेलं होतं: 'सी ग्रेड? फार आरडाओरडा.'

"इथं मी बाजूला मार्क देत नाही," त्या म्हणाल्या. "मुलगी त्या बाजूला कशी पोचली त्याला देते. म्हणून प्लॅन ठेवते. तुमची बाजू तिनं फार छान मांडली होती. तुम्ही मांडलीत त्याहून छान."

मी हो म्हणालो.

गाडीत ती थांबेचना. मिसचा चेहरा, माझा चेहरा, 'मुलांना कळावं म्हणून'. तिनं त्याची माझ्या आवाजात नक्कल केली, दोनदा. मग इथल्या गरम, जाड चिप्स मागितल्या. आम्ही गाडीतच खाल्ल्या, व्हिनेगरच्या वाफेनं काचा धुरकटल्या, आणि मी इतका सुटल्यासारखा झालो होतो की मीही हसायला लागलो. शाळा काही करणार नव्हती. फॉर्म, सही, कुणाला कळवणं, सगळं मिटलं होतं. माझी पोर चोर ठरली नव्हती. चिप्सच्या कागदाची घडी करता करता ती म्हणाली, "थँक यू बाबा. तू ट्रू सांगितलं म्हणून झाला. नाहीतर तिनं बिलीव्हच नसता केला."

मी गाडी सुरू केली.

फाईल करप्ट झाली, असं मी घरी सांगितलं. सॉफ्टवेअरवाल्या बापावर कोण शंका घेणार? तिनं दोन सुट्ट्या बसून पुन्हा लिहिलं. मला भीती होती की पहिल्यासारखं जमणार नाही आणि त्याचीही जबाबदारी माझीच. तर तिला ए मिळाला. शोकेसमधल्या ढालीच्या मानकऱ्याला सी, तोही प्रश्नचिन्हासकट, आणि पोरीला ए. निकाल कळला त्या संध्याकाळी मी बागेत जाऊन उगीचच गवताला पाणी घातलं. पाऊस पडून गेला होता. बायको खिडकीतून विचारत होती, काय करतोयस? काही नाही, म्हणालो.

बाईंनी तिला दुसऱ्या भाषणाची झेरॉक्स दिली होती. एका शनिवारी तिनं ती माझ्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवली. "आता वाच. आता मार्क्स मिळाले. नॉट एम्बॅरसिंग."

इथं मला थांबून एक सांगायला हवं, कारण वर मी ते टाळलंय. मराठी वर्गाच्या कमिटीपुढची लाज, शाळेला काय वाटेल, वक्तृत्वाची सवय, ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही खरं कारण नाही. खरं कारण तिच्या पहिल्या भाषणाच्या चौथ्या परिच्छेदात होतं. माझ्या बाजूला तिनं दिलेलं उत्तर. ते असं होतं की, माझ्या वडिलांना वाटतं मला ही भाषा यावी. पण ह्या भाषेत ते माझ्याशी काहीच बोलत नाहीत. 'जेवलीस का', 'कोट घाल', 'किती वाजता येशील'. त्यांना कशाची भीती वाटते, त्यांचा दिवस कसा गेला, ते इथं का आले, हे त्यांनी मला कुठल्याच भाषेत सांगितलेलं नाही. ज्या खोलीत कुणी बसत नाही त्या खोलीची किल्ली ते मला देत आहेत.

ते वाचून मी पुसलं. पुसल्यावर उरलेल्या जागेत आरडाओरडा भरला.

झेरॉक्समध्ये तो परिच्छेद वेगळ्या शब्दांत होता, आणखी मऊ. खोली आणि किल्ली नव्हती. त्याऐवजी शेवटी एक मागणी होती: रविवारचे ते दोन तास मला द्या, पण घरी. मला अक्षरं गिरवायची नाहीत. मला कुणीतरी काहीतरी सांगायला हवं आहे.

मी चहा पिऊन टाकला. गार झाला होता. म्हणालो, "उद्यापासून नको येऊस वर्गाला."

"सीरियसली?"

"हं."

ती किंचाळलीच. आईला हाक मारली. "आई! बाबा पर्सुएड झाला!"

बायको हात पुसत आली, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बरं वाटत नाहीये का रे तुला?"

तेव्हापासून घरात ती गोष्ट झाली आहे. पाहुणे आले की मुलगी सांगते, बायको सांगते. पंधराव्या वर्षी हिनं दोन पानांत बापाचं मन वळवलं. ब्रिस्टलला तिनं डिबेटिंग सोसायटीच्या मुलाखतीत म्हणे हेच सांगितलं आणि तिला घेतलं. सगळे हसतात, मी मान डोलावतो. मी त्या दिवशी पटून हो म्हणालो की ओशाळून, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. सुरुवातीची दोन वर्षं ओशाळूनच, असं माझं उत्तर होतं, आणि म्हणून ती गोष्ट निघाली की मला उठून जावंसं वाटायचं. आता वाटतं, पटलंच होतं. पहिल्याच वाचनात, ऑफिसात, कॉफी आणायला उठलो तेव्हाच पटलं होतं. पटलं नसतं तर दोन कॉमा टाकून प्रिंट काढली असती. ज्याला पटत नाही तो इतका आरडाओरडा कशाला करेल? तिच्या भाषणानं काम केलं होतं; मी नुसता उशिरा कबूल झालो. हे लक्षात आलं तेव्हा फार बरं वाटलं मला. तिची गोष्ट खोटी नाही. तिच्यात माझा भाग तेवढा गाळलेला आहे.

रविवारी मी एकटाच किल्ली घेऊन जात राहिलो. साडेबाराला घरी यायचो तेव्हा ती नुकती उठून टोस्ट खात असायची. पहिल्या रविवारी मी तिच्यासमोर बसलो आणि काही सुचेना. शेवटी ऑफिसातल्या एका सर्व्हरबद्दल सांगितलं, तो शुक्रवारी बंद पडला आणि मी सगळ्यांसमोर घाबरलो, ते. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. ती टोस्ट हातात धरून ऐकत होती. "मग?" म्हणाली. मला मग आठवेना. पुढच्या रविवारी जरा जास्त आठवलं. तिचं मराठी अजून वाकडंतिकडं आहे, लिंगं सगळी इकडची तिकडं, पण आता फोनवर ती माझ्याशी पाऊण तास बोलते आणि मीही बोलतो. बायको मध्ये मध्ये ओरडते, "मला दे की आता!"

मघाशी बायकोनं विचारलं, कसलं लिहितोयस एवढं? नेहमीसारखं 'काही नाही' तोंडावर आलं होतं. 'सांगतो,' म्हणालो, 'लिहून झालं की वाच.' ती शेजारच्या खुर्चीत पेपर घेऊन बसली आहे, आणि मला चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या तिथं असण्याची भीती वाटत नाहीये.

तिला हे वाचायला देणं सोपं आहे, कागद पुढं सरकवायचा. मुलीला कागद देऊन भागणार नाही. तिचं पहिलं भाषण मी पुसलं, ते मला परत आणून देता येत नाही. भलती फाईल नव्हती, ती फाईल मीच उलटवली, आणि तुझा चौथा परिच्छेद मला सहन झाला नाही म्हणून उलटवली, एवढं तिच्यासमोर बसून, मराठीत, माझ्या तोंडानं सांगायचं देणं मी तिला अजून लागतो.